आत्तीच्या फ्लॅटबाबत

दिनांक २१ ऑगस्ट २०१४ रोजी मी इंग्रजीत एक मृत्युपत्र केले होते. त्यातली एक चूक सर्वांत आधी दुरुस्त करते. तिसऱ्या कलमात मी लिहिले होते, की माझी आत्या माझ्यावर अवलंबून आहे व तिची सोय माझ्या भावाने करावी. हे खरे नाही. मी तिच्यावर अवलंबून होते. शिवाय ते वाक्य मी स्कूटर आणि शिलाई मशीन यांच्या मध्ये घातले होते. ते मृत्युपत्र या लेखाने पूर्णपणे रद्द करते.

मी, मीनल रवींद्र दिवटे, वय २९, अविवाहित, धंदा नोकरी, मूळ राहणार इचलकरंजी, सध्या राहणार तोआ पायोह, सिंगापूर, हे मृत्युपत्र मराठीत लिहिते, कारण ज्यांच्यासाठी ते आहे त्यांना ते कुणी वाचून दाखवले तर कळले पाहिजे. येत्या २२ मार्चला येथे माझ्या मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया आहे. गाठीमुळे माझ्या निर्णयशक्तीवर परिणाम झालेला नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो कुणी मागितला नव्हता. का जोडला ते कलम ३ मध्ये येईल.

कलम १. बँकेतील शिलकेतून प्रथम हॉस्पिटलचे बिल भागवावे. उरेल ते माझा भाऊ प्रबोध याची मुलगी इरा हिच्या शिक्षणासाठी ठेवावे. दहावीनंतर शिकायचे नाही असे ती म्हणाली, तरी दोन वर्षे थांबून पुन्हा विचारावे. त्या वयात मीही तसे म्हटले होते.

कलम २. शिलाई मशीन वहिनीला. स्कूटर प्रबोधला. ती त्याच्याकडेच आहे आणि "परत करतो" असे तो पाच वर्षे म्हणत आहे. आता म्हणू नये.

कलम ३. इचलकरंजी येथील दोन खोल्यांचा फ्लॅट, जो मी माझ्या पगारातून घेतला, तो माझ्या वडिलांची थोरली बहीण अक्काताई बाबू दिवटे, वय ६३, हिला पूर्ण मालकीने द्यावा. हयातीपुरता नव्हे, भावाच्या परवानगीने नव्हे. सोसायटीत नॉमिनी म्हणून प्रबोधचे नाव आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

आम्ही तिला आत्ती म्हणतो. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. नवऱ्याने टाकलेली आत्ती त्याआधीपासून घरात होती. वडील यंत्रमागावर जात, ती घरी बसून कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून द्यायची. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. पालकसभेत बाईंनी काही विचारले की आत्ती माझ्याकडे बोट दाखवायची. "तिलाच इचारा. शिकलेली ती हाय." मी तेव्हा तिसरीत होते. दहावीनंतर वडील मला कांड्यांवर बसवणार होते. आत्ती म्हणाली, "एका घरात एक बास झाली."

वडील गेल्यापासून ती प्रबोधच्या घरी आहे. मी फोनवर त्याच्याकडे फ्लॅटचा विषय काढला.

"तायडे, आत्ती कुठं जाणार? हाय की आमच्यात."

"झोपते कुठे?"

"स्वयंपाकघरात. तिला तिथंच बरं वाटतं."

"विचारलंस तिला?"

"असलं कोण इचारतं व्हय?"

माझे काम असे आहे: अमेरिकेच्या काँग्रेसमधली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची भाषणे आणि त्या काळातली कोर्टाची कागदपत्रे संगणकावर नीट उतरली आहेत का, हे मूळ पानाशी ताडून पाहणे. त्यात व्हर्जिनियाचे जॉन रँडॉल्फ वारंवार येतात. राज्यांच्या हक्कांवर ते तासन्‌तास बोलत. १८२१ च्या मृत्युपत्रात त्यांनी आपल्या गुलामांना मुक्त केले, १८३२ च्या मृत्युपत्रात ते फिरवले आणि १८३३ मध्ये ते वारले. दुसरे मृत्युपत्र करताना त्यांचे मन ठिकाणावर नव्हते, हे ठरायला दहाहून अधिक वर्षे गेली. तोवर पावणेचारशेहून जास्त माणसे गुलामच राहिली. शेवटी ती ओहायोत, त्यांच्यासाठी घेतलेल्या जमिनीपाशी पोहोचली, तर तिथल्या गोऱ्यांनी त्यांना राहू दिले नाही.

म्हणून तो दाखला. आणि म्हणूनच माझी वर्गमैत्रीण व या मृत्युपत्राची व्यवस्थापक, अ‍ॅड. अश्लेषा, हिला सांगणे, की किल्ली आत्तीच्या हातात आणि वीजबिल तिच्या नावावर येईपर्यंत आपले काम संपले असे समजू नये. आत्तीचेही मृत्युपत्र करून घ्यावे. नाहीतर तिला टाकून गेलेला माणूस, तो हयात असल्यास, वारस म्हणून उगवेल. त्याला त्या जिन्याची पायरीसुद्धा मिळू नये.

कलम ४. इडलीचा कुकर घरमालकीण विनीताताईंना द्यायचा होता. पण त्या आणि त्यांचे पती सुबोधदादा माझे साक्षीदार आहेत, आणि इथल्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. काल मी हे त्यांना सांगितले.

"अगं, मग त्यासाठी मरायची वाट कशाला बघतेस? आत्ताच दे की," त्या म्हणाल्या. सुबोधदादांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

कुकर मी घासून त्यांच्या ओट्यावर ठेवला. मग खोलीत येऊन कलम ३ पुन्हा वाचले.

मरणानंतर रँडॉल्फ यांना त्या माणसांची गरज उरणार नव्हती; तेव्हापासूनचे स्वातंत्र्य त्यांनी दिले होते. मी प्रबोधची त्यांच्याशी तुलना करत नाही. माझी करते. हयातीतच बक्षीसपत्र करून फ्लॅट द्यावा असे मागे मनात आले, तेव्हा प्रबोध म्हणाला होता, "त्याला मुद्रांक शुल्क लागतं. मृत्युपत्रात लिही की, फुकट होतंय." मला ते पटले होते. शस्त्रक्रिया नीट झाली, तर कलम ३ ने आत्तीला काहीच मिळत नाही. तिला घर मिळण्यासाठी मला मरावे लागते, आणि ती तसे एकदाही मनात आणणार नाही.

आज सकाळी तिला फोन केला.

"आत्ती, फ्लॅट तुझ्या नावावर करते."

"मला कशाला गं घर? डोस्क्याचं बघ आधी."

"एकटी राहशील?"

ती हळूच म्हणाली, "दाराला आतनं कडी हाय का?"

मी म्हटले, आहे.

कलम ५. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतलेली नाही. मी इचलकरंजीला जाऊन, दुय्यम निबंधकांसमोर, आत्तीच्या नावे बक्षीसपत्र नोंदवीन. शुल्क मी भरीन. ते झाले की कलम ३ मध्ये देण्यासारखे काही उरणार नाही. त्याआधी मला काही झाले, तरच ते लागू.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करत आहे. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या आहेत.

सही: मीनल रवींद्र दिवटे

साक्षीदार: १. विनीता सुबोध केळुसकर २. सुबोध श्रीधर केळुसकर

स्थळ: तोआ पायोह, सिंगापूर
सहीचा दिनांक: शनिवार, २७ फेब्रुवारी २०१६
बक्षीसपत्राचा ठरलेला दिनांक: सोमवार, १४ मार्च २०१६