काळा खलाशी, अंक पंचविसावा

रविवार, ३ नोव्हेंबर १९८५

"हात धुऊन या आधी, पेंटर."

सगळ्यांदेखत म्हणाला तोडणकर. आणि कुठे? केरूच्या सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत — जिथली पहिली बैठक मी भरवली, जिथे जुन्या चित्रकथा जमवणं म्हणजे काय हे मी या लोकांना शिकवलं! महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही चौघे जमतो. केरू, एसटीतला रावजी कंडक्टर, मी, आणि तीन वर्षांपासून हा हरिश्चंद्र तोडणकर. दोन ट्रॉलर, बर्फाचा कारखाना, जीप. महिन्याभरात ज्याला जे सापडलं ते त्याने फडक्यातून काढून दाखवायचं. आम्ही त्याला म्हावरं म्हणतो. अखंड अंक म्हणजे सुरमई. कव्हर गेलेला म्हणजे बांगडा.

गेल्या बैठकीत मीच बोलून गेलो. सावर्ड्याच्या एका जुन्या मास्तरांकडे 'काळा खलाशी' या चित्रकथेच्या अंकांची ट्रंक आहे, दसऱ्यानंतर या म्हणालेत. मी गेलो एसटीने. मास्तरांची बायको दारातच म्हणाली, "ती पुस्तकं ना? काल जीपवाले घेऊन गेले. तुमचे मित्रच म्हणाले."

मित्र!

आज तोडणकरने त्यातले सहा अंक मांडले, एकेक करून. त्यात नववा, जो मी इतकी वर्षं शोधतोय. त्यात सतरावा. मी सतराव्याची पिन मूळची आहे का बघायला हात पुढे केला, तर त्याने अंक मागे ओढला आणि ते वाक्य म्हणाला. केरू हसला. रावजी चहाच्या कपात बघत राहिला.

हात मी धुतले होते. रॉकेलने आणि मग साबणाने. नखांतला निळा जात नाही. आणि तो निळा त्याच्याच ट्रॉलरचा आहे! परवाच नाळेवर, पुढच्या टोकाला, नाव घातलं, सावलीसकट. तेव्हा हात चालले.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

नववा त्याच्याकडे. जेवताना तेच, काम करताना तेच. एका दुकानाच्या पाटीवर 'किराणा'चा काना तिरका गेला. माझ्याकडून! पुसून परत काढला.

रविवार, १७ नोव्हेंबर

सुचलं.

दिवाळीत रावजी घरी आला होता. फराळ करता करता सांगत होता की तोडणकरचा संच आता चोवीसपर्यंत पुरा झाला. "पण सुख नाय त्याला. म्हणतो, पंचविसावा मिळाला तर एक ट्रॉलर सोडीन."

पंचविसावा. 'काळा खलाशी' चोविसाव्या अंकावर थांबला, १९६७ साली. फिरंगी कप्तान खाडीच्या तोंडाशी स्वतःच्या जहाजाला भोक पाडतो आणि होडीत बसून निघून जातो. खाली तळात खलाशी साखळदंडात. पाणी छातीपर्यंत. क्रमशः. आणि छापखाना बंद! तेव्हा मी बावीसचा होतो, चांगला बाप्या माणूस, तरी पुढचा महिनाभर एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्याला विचारत होतो. पंचविसावा छापला होता पण बाहेरच पडला नाही, असं म्हणणारे आहेत. बघितलेला कोणी नाही.

तो मी काढणार. सोळा पानं. काळा आणि लाल, दोनच रंग — लग्नपत्रिका छापायला घेतलेली स्क्रीन आहेच घरात. काढायचा, जुना करायचा, तोडणकरच्या वाटेत टाकायचा. तो छाती पुढे काढून बैठकीत मांडेल. मग मी माझी सोळाही मूळ चित्रं त्याच्या पुढ्यात आपटणार. शाई-ब्रशची, हातची. म्हणणार — घ्या तोडणकर, नीट बघा, न धुतलेल्या हातांची आहेत.

हे वाक्य आज तीनदा मोठ्याने म्हणून बघितलं. 'नीट' काढून टाकलं तर जास्त लागेल.

रविवार, १ डिसेंबर

बैठक. केरूला तिसरा अंक मिळाला, कव्हर नाही, बांगडाच, पण आतली पानं कोरी करकरीत. मच्छीमार्केटात ठमाबाईच्या सुक्या जवळ्याखाली अंथरलेला होता म्हणे. अजून वास येतो. रावजीने एका परीकथेच्या मालिकेचे दोन आणले, लांज्याच्या रद्दीतून. तोडणकरकडे पुन्हा तीन. मी रिकामा.

"काय ओ पेंटर, जाळं फाटलं काय?"

"विणतोय," मी म्हटलं.

सगळे हसले. मीही हसलो!

बुधवार, ११ डिसेंबर

हे काम सोपं नाही हे लिहून ठेवतो. त्या मूळ चित्रकाराचं नाव कुठेच छापलेलं नाही, पण त्याचा हात मला माझ्या हातापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी शिकलो त्याच्यावरूनच. नववीतून शाळा सुटली, कुठल्या आर्ट स्कूलची पायरी चढलो नाही — अक्षर, सावली, माणसाचा खांदा कसा वळतो, सगळं त्या पानांवर पातळ कागद ठेवून गिरवलं. त्याचा काळा पूर्ण काळा नाही, किंचित तपकिरीकडे झुकतो. लाल रंग रेषेला चिकटून बसत नाही, केसभर डावीकडे सरकलेला असतो. जन्मभर रंग रेषेच्या आत ठेवत आलो, आता तो बरोबर तेवढाच बाहेर घालवायचा! चार कागद वाया गेले. पाचव्यावर जमलं.

तोडणकरला यातलं काय कळतं? त्याला नंबर कळतात. नऊ, सतरा, चोवीस. मासळीच्या टोपल्या मोजल्यासारखे.

शनिवार, २८ डिसेंबर

अडलो. खलाशी सुटणार कसा?

काहीही दाखवलं तरी चालेल खरं तर. मित्र येतो, करवतीने साखळी कापतो. तोडणकर तेवढ्यावरही भुलेल. पण असला आचरटपणा माझ्या हाताखालून जायचा नाही. खोटं असलं तरी चोख पाहिजे. शिवाय चित्रं शेवटी माझ्या नावाने बाहेर येणार आहेत.

गुरुवार, २ जानेवारी १९८६

बायको, गुणवंती, चिडली आहे. कुवारबावची दोन गिऱ्हाइकं पत्रिकांसाठी येऊन परत गेली. "मुलीचं लग्न त्यांच्या, आणि तुम्ही पाण्यात बुडालेला माणूस काढत बसलात! कधी संपणार हे?"

मी म्हटलं, तो सुटला की संपेल. मग तिला सांगितलं सगळं — तोडणकरचं नाही, गोष्टीतलं. जहाज, खाडी, भोक, छातीभर पाणी.

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मग उभा राहू दे की. ओहोटी लागेल."

मी बघतच राहिलो. खाडीचं तोंड! ज्या भोकातून पाणी आलं त्याच भोकातून जाणार. जहाज चिखलात बसणार, कलणार, कुजलेली फळी दबणार, साखळीची कडी सुटणार. खलाशी काही करत नाही. फक्त उभा राहतो, पूर्ण चार पानं. एवढी वर्षं समुद्राच्या काठावर राहून आमच्यातल्या एकालाही हे सुचलं नाही!

तिला नाही सांगितलं की तिने काय केलं. डोक्यावर बसेल.

रविवार, ५ जानेवारी

बैठकीला गेलो नाही. ताप असल्याचा निरोप धाडला. चिखल काढत होतो.

सोमवार, ३ फेब्रुवारी

छापून झालं. एकच प्रत. मूळ चित्रं सोडून बाकीचे कागद आणि स्क्रीनवरचं सगळं नष्ट केलं. कागद खराखुरा जुना — बंद पडलेल्या एका छापखान्याच्या माळ्यावर रफ कागदाचा गठ्ठा पडून होता, कडा पिवळ्या, कसर लागलेला. पिना मिठाच्या पाण्यात ठेवल्या, दोन दिवसांत गंज. रत्नागिरीत लोखंड जुनं करायला अक्कल लागत नाही. पुस्तकाला पत्र्यावर ऊन दाखवलं, मग मांडवीला एका ओळखीच्या माणसाच्या जाळ्यांच्या खोपटात टांगलं.

शेवटच्या पानावर खलाशी चिखलातून बाहेर येऊन मोकळ्या समुद्राकडे बघतो आहे. त्याखाली क्रमशः घातलं. घालावंच लागलं, प्रत्येक अंकाला होतं.

हे पान चांगलं झालं आहे. एवढंच म्हणतो.

रविवार, १६ फेब्रुवारी

बुरोंडीला जाऊन आलो. मावसभाऊ शिवा तिथे मासेमारीत आहे, आणि तोडणकरची माणसं बर्फ घेऊन तिथे जातात, तोही जातो. अंक शिवाच्या बापाच्या पेटीत टाकला आणि त्याला समजावलं — तोडणकर आला तर सहज बोलायचं, माळ्यावर बापाच्या पेटीत जुनी चित्रांची पुस्तकं आहेत. जास्त बोलायचं नाही. शिवाला जास्त न बोलणं जमत नाही, हीच भीती.

"दादा, पकडलं तर?"

पकडणार कोण? तो?

गुरुवार, १३ मार्च

लागला गळाला!!

शिवा बाजाराला आला होता, त्याने सगळं सोंग करून दाखवलं. "दादा, आधी बाकीची फाटकी पुस्तकं चाळली त्याने. मग तुझं हाती घेतलं. बोललाच नाय! वास घेतला. उंबऱ्यात उजेडाला जाऊन बसला नि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. चहा दिला तो गार झाला. परत पहिल्यापासून! मग म्हणतो, शिवा, हे तुझ्या बापाला कुठं मिळालं? मी बोललो, भाऊच्या धक्क्यावर कामाला होता, तिथं कुणी दिलं. तर हसला."

"हसला?"

"हसला. नि काय देऊ बोल, म्हणाला. मी बोललो, नायलॉनचं जाळं. दुसऱ्या दिवशी कोरं जाळं घरी!"

हसणारच. खजिना सापडलाय ना गाढवाला! एक कोरं जाळं देऊन माझे चार महिने घेतले. बैठकीपर्यंत चोवीस दिवस थांबायचं आहे. शिमग्याच्या पालख्या नाचून जातील तोवर.

शनिवार, ५ एप्रिल

उद्या. चित्रांची गुंडाळी केली, वर वर्तमानपत्र. गुणवंती म्हणाली, "एवढं चांगलं काढलंत, भिंतीला का नाय लावत?" म्हटलं उद्या कळेल सगळ्या गावाला.

दाढी आजच केली.

रविवार, ६ एप्रिल

नीट लिहितो. जसं झालं तसं.

केरूला कुठलासा पाचवा अंक मिळाला होता, तो कोणी धड बघितलाही नाही. तोडणकरने फडकं सोडलं. अंक २५. रावजी उभा राहिला. केरू म्हणाला, "अरे मेल्या!"

गुंडाळी माझ्या मांडीवर. दोरी सोडून ठेवलेली.

एरवी हा माणूस स्वतः पान उलटतो, बाकीच्यांनी हात मागे बांधून बघायचं. आज त्याने अंक सरळ रावजीच्या हातात दिला. "तुम्ही वाचा. आवाज आहे तुम्हाला." जगात एकच असलेली प्रत — आणि पाच मिनिटांनी ती केरूच्या ग्रीसच्या बोटांत! जपायची अक्कल नाही ती नाहीच.

रावजी वाचत गेला. चार पानं खलाशी नुसता उभा. तिथे शब्दच नाहीत, म्हणून रावजीही गप्प, नुसती पानं उलटत होता. पाणी छातीवरून पोटावर. पोटावरून गुडघ्यावर. बाहेर रस्त्यावर कोणी पंप मागत होतं, केरू उठला नाही.

"ओहोटी," केरू म्हणाला. "ओहोटी रे! आपल्याला कसं नाय सुचलं?"

मग रावजी. डोळे पुसत होता, लपवलंही नाही. "माझा थोरला होता ना, बाबू. तापात पडला तेव्हा सारखा विचारायचा, बाबा तो सुटला काय? मी काय सांगू? म्हटलं पुढच्या अंकात." बाहीने नाक पुसलं. "सुटला रे तो."

बाबू अडुसष्ट साली गेला. मला ठाऊक होतं. हे विचारायचा ते ठाऊक नव्हतं.

तोडणकर माझ्याकडे बघत होता.

हीच वेळ होती. वाक्य तोंडात होतं, 'नीट' काढलेलं. मी उठलो — आणि दुकानात गिऱ्हाईक उभं आहे असं केरूला सांगून बाहेर पडलो. गुंडाळी काखेत.

माघार नाही ही! मे महिन्यात मुंबईला अशा जमवणाऱ्यांचं मोठं संमेलन आहे, तोडणकर अंक तिथे नेणारच. इथे चौघांत पाडण्यापेक्षा तिथे शंभर जणांत पाडीन. हेच बरं. जितका वर चढेल तितका जोराने आपटेल. रावजीसमोर ते बरं दिसलं नसतं, एवढंच.

सोमवार, ७ एप्रिल

दिवसभर एक पाटी. ती पण अर्धीच.

मंगळवार, ८ एप्रिल

तोडणकर आला होता. एकटा, चालत. दारात उभा राहिला, बसा म्हटलं तरी बसला नाही. म्हणाला, "मी बुरोंडीतच तुमचा हात ओळखला होता, पेंटर. मुंबईला नेत नाय तो, रावजीकडे ठेवलाय." मग बराच वेळ माझ्या ब्रशांकडे बघत होता. "सव्विसावा कधी?"

घालवून द्यायचा होता. तोंडून निघालं — मे अखेर.