आईंनी जपानात केलेली आंघोळ

आदिलाबाद,
फेब्रुवारीचा पहिला आठवडा

आदरणीय ताराक्कांना,
तुमच्या भावजयीचा, म्हणजे प्रतिभाचा, वाकून जय भीम.

तुमची शुगर ताब्यात असेल, दाजींचा खोकला ओसरला असेल आणि तिकडे निर्मल गावी सगळे खुशाल असतील असं धरूनच लिहिते. (खुशाल नसता तर एव्हाना तुम्ही फोन करून आम्हाला झापलं असतं.) तुमचा निरोप पोचला: 'येत्या रविवारी मायले न्याले येतो, जपानातून जित्ती आली असन तर.' अक्का, आई जित्त्या आहेत! मी तर म्हणते, गेल्या तेव्हा होत्या त्याहून जास्त जित्त्या आहेत. हे मी फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मला 'हॅलो'च्या पुढे सरकू देत नाही, आणि ही गोष्ट मध्येच कुणी तोडली तर माझ्या पोटात दुखेल.

तुम्ही आधीच म्हणाला होता की म्हातारीला बर्फात नेऊन मारता का. त्यात ऐनवेळी तुमच्या भावाची रजा नामंजूर झाली आणि नागपूरच्या टूरवाल्यांबरोबर आम्ही सासू-सून दोघीच निघालो. सहलीचं नाव 'बुद्धदर्शन आणि हिमदर्शन'. साऱ्या गल्लीला वाटलं की देवकाबाई बुद्धदर्शनाला चालल्या, मलाही तसंच वाटलं. विमान वर गेल्यावर (म्हणजे परतीचा रस्ता बंद झाल्यावर) आईंनी पिशवीतून टूरचं चोपडं काढलं आणि एका चित्रावर बोट ठेवलं. चहूकडे बर्फ, मध्ये वाफाळतं कुंड आणि त्यात गळ्याइतक्या पाण्यात बसलेल्या बाया. म्हणाल्या, "बुद्धाले तं मी घरीबी हात जोडतो. मले इथं बसाचं हाय. गुडघ्याले बरं वाटन." मी म्हटलं, बसा हो आई, त्यासाठीच तर चाललोय. मला काय माहीत पुढे काय वाढून ठेवलंय.

थंडीचं सांगते. सगळ्या तेलंगणात थंडी पडावी ती आदिलाबादलाच, हा आपला केवढा अभिमान! हैदराबादचे पाहुणे आले की आपण त्यांच्यापुढे मुद्दाम स्वेटर न घालता फिरतो. तो अभिमान तिथल्या विमानतळाच्या दारातच गळून पडला. आईंनी लुगड्याखाली दोन लोकरी पायजमे, लुगड्यावर लेकाचं जाकीट आणि त्यावर माकडटोपी असा सरंजाम चढवला. नारा गावी बुद्धाची मूर्ती पाहिली. एवढी थोरली मूर्ती की आई कितीतरी वेळ नुसत्या मान वर करून उभ्या होत्या, आणि मलाही भरून आलं. बाहेर आलो तर मोकळी हरणं. बिस्किटासाठी ती माणसापुढे मान खाली घालतात, अगदी नमस्कार केल्यासारखी. झालं! आई प्रत्येक हरणाला हात जोडून जय भीम घालायला लागल्या. हरीण पुन्हा वाकायचं, आई पुन्हा जय भीम. आमचा गाईड जयदीप (नागपूरचा पोरगा, हातात कायम नारिंगी झेंडी) झेंडी हलवून थकला, बस खोळंबली, पण आई म्हणाल्या, समोरचा मान देऊन राह्यला तं तोंड फिरवून कसं जावं?

मग आम्ही डोंगरात गेलो, माकडं पाहायला. तिथली माकडं हिवाळ्यात गरम पाण्याच्या कुंडात बसतात. वाट सगळी बर्फाची, बुटांना रबरी दाते बांधलेले. आमच्या दोन्ही बाजूंना सहलीतल्या दोन बाया, आणि सगळ्यांच्या शेवटी आमची वरात पोचली. कुंडात एक म्हातारी माकडीण डोळे मिटून बसली होती, डोक्यावर बर्फ साचलेला. लोक फोटो काढत होते. आई फोटोबिटो विसरून तिच्याकडेच बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "पाय वं, हिले कोनी ऊठ म्हनत नाई."

त्याच दुपारी मुक्कामाच्या लाकडी लॉजवर पोचलो. गरम कुंड याच लॉजवर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं, म्हणजे बसायचं तर आजच. बायांचं कुंड वेगळं, पण पाण्यात कपडे चालत नाहीत, पंचासुद्धा नाही. आईंना त्याचं काही नाही ("बायाच तं हायेत!"), मला मात्र सकाळपासूनच मोठी सर्दी झाली होती. (अक्का, तुम्ही हुशार आहात, कसली सर्दी ते ओळखाल.) आई तेलाची बाटली घेऊन निघाल्या, कारण गरम पाण्याआधी अंगाला तेल नको का? तेलाला नाही म्हणायला आलेली लॉजवरची बाई आईंचे हात बघून थबकली. एका हातावर विंचू, दुसऱ्यावर तुळस, हनुवटीवर तीन ठिपके. इंद्रवेल्लीकडच्या जत्रेत लहानपणी गोंदवलेले. ती बाई इतकं वाकून, इतकं गोड बोलून नाही म्हणाली, की चूक आपलीच झाली असं मला वाटायला लागलं. जयदीप घाम पुसत सांगू लागला की आजी, इथे गुंडांच्या टोळ्या अंगभर गोंदवून घेतात, म्हणून गोंदलेल्या माणसाला कुंडात घेत नाहीत.

आई आधी पोट धरून हसल्या. "मले पाहून भेली काय वं ते?" असं मलाच दोनदा विचारलं. मग हसू हळूहळू उतरलं आणि त्या तिथल्याच बाकावर तेलाची बाटली मांडीवर घेऊन बसल्या. "माकडाले चालते," एवढंच म्हणाल्या. अक्का, मला असा राग आला! शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांपुढे न चढणारा माझा आवाज तिथे चढला, तोही मराठीत. त्या बाईला शब्द कळला नाही, पण सूर कळला असणार, कारण तिने धावत जाऊन गोंदण झाकायच्या चिकटपट्ट्या आणल्या. अंगाच्या रंगाच्या. पण अंग कुणाचं? तिथल्या लोकांचं! आईंच्या रंगावर त्या अशा उठून दिसल्या, की आधी विंचू तरी बरा होता. त्यात विंचवाची नांगी पट्टीबाहेर. दुसरी पट्टी लावली तर पहिली सुटली. हनुवटीला लावली तेव्हा आई दाढी करताना कापलेल्या म्हाताऱ्यासारख्या दिसायला लागल्या, आणि ती जपानी बाई, मी, आई, तिघीही हसत सुटलो.

शेवटी तिनेच तोड काढली. मागे एक छोटं कुंड होतं, कुटुंबासाठी राखून मिळणारं, तिथे गोंदणाची आडकाठी नव्हती. फक्त म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडत नाहीत, सोबत कुणीतरी पाण्यात हवं. जयदीपने हे भिंतीकडे तोंड करून सांगितलं. आईंनी माझ्याकडे बघितलं. माझी सर्दी तिथल्या तिथे बरी झाली.

काय सांगू! लग्नाला सव्वीस वर्षं झाली, सासूपुढे पदर खांद्यावरून ढळू दिला नव्हता, आणि आता हे. दोघी एकमेकींकडे पाठ करून पाण्यात उतरलो आणि पाठ करूनच बसलो. वरून बर्फ पडत होता, पाण्यात पडताच नाहीसा होत होता. आईंना पाणी सोसतंय ना म्हणून मी हाक मारली, उत्तर नाही. वळून पाहते तर डोळे मिटलेले, मान मागे टेकलेली. अक्का, माझ्या डोळ्यांपुढे तुमचा चेहरा आला! मी त्यांना गदागदा हलवलं तर म्हणाल्या, "मेली नाई मी. बस चुपचाप." मग थोड्या वेळाने, डोळे न उघडताच, "जल्मभर समद्यांचं झाल्यावर तळाचं कोमट पानी भेटलं. आज दारावर कोनी थाप मारून नाई राह्यलं." आणि त्यांनी माझी पाठ आपल्याकडे वळवली आणि हातानेच चोळून दिली. मला माझ्या आईनंतर कुणी अशी पाठ चोळून दिली नव्हती. आईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तेवढ्यात दारावर थाप पडली, आमची वेळ संपली होती. आईंनी आतून अशी काही शिवी हासडली की ती मी इथे लिहीत नाही, तुम्हाला ती माहीतच आहे.

तर अशी आमची खुशाली. दाजींना जय भीम, लेकरांना गोड पापा.

तुमची,
प्रतिभा

ता. क. दाजींसाठी लोकरी मोजे आणलेत. तुमच्यासाठी आणलेली पेढ्यासारखी मिठाई वाटेत आम्हीच संपवली.

ता. क. आणखी एक. रविवारी येऊ नका. म्हणजे या, जेवायला या, मटण करते, पण आईंना नेऊ नका. दरवर्षी फेब्रुवारीत तुम्ही त्यांना नेता, ठाऊक आहे मला. पण प्रवास लांबचा, गुडीहत्नूरला बस फार वेळ थांबते, गुडघे आत्ताच कुठे बरे झालेत. जाऊ द्या, ही सगळी नुसती कारणं. मला त्या इथे हव्या आहेत. एवढंच मागते, नाही म्हणू नका.

ता. क. तारा, मी तुही माय. प्रतिभा पाकिटाले डिंक आनाले आत गेली तवा लिवतो. तू शिकवलं तसंच अक्षर काढलं, हासू नको. पत्र तिनं मले वाचून दावलं, पन हा वरचा, मले नेऊ नका म्हनते तो मजकूर खाऊन टाकला. तो मी आता माह्या डोळ्यानं वाचला. समदं खरं हाय, फक्त रडली ते ती, मी नाई. तू रवारी ये आन मले ने. जपानातून आल्यापासून ते दिसभर इचारते, आई पाय चेपू का, आई चा घेता का. मले सवय नाई वं, जीव गुदमरते. तुह्याकडं थोडी मोकळी बसतो आन पंधरा रोजात परत येतो. पन परत येतो हे तिले सांगू नको. इतक्या वर्सांत पह्यल्यांदा ते माही वाट पाह्यन. पाहू दे थोडी.