मुक्तासाठी शहाजिऱ्याची बिस्किटं

३ डिसेंबर २००६, रविवार. निशी-कसाई, टोकियो
मुक्ता आजही फोनवर आली नाही. शुभावहिनी म्हणाल्या, खेळतेय गं, नंतर करायला सांगते. मागच्या रविवारीही खेळतच होती. मिलिंद म्हणतो, सात वर्षांची मुलं असतातच अशी. असतील. मिलिंदचं एका वर्षाचं तर काँट्रॅक्ट, शाळा कशाला मोडा, म्हणून तिला पुण्याला मोठ्या जाऊबाईंकडे, शुभावहिनींकडे ठेवून आलो. त्यांना मूलबाळ नाही, जीव लावतात. आता दुसरं वर्ष संपत आलं.

७ डिसें.
खालच्या मजल्यावरची नोरा आली होती. आयर्लंडची, स्टेशनजवळ इंग्रजी शिकवते. ख्रिसमसची बिस्किटं करायचीत, तिच्याकडे ओव्हन नाही. आमच्या मायक्रोवेव्हमध्ये आहे. शिवाय एक बी हवं होतं, नावावरून मला कळेना. मसाल्याचा डबाच पुढे केला. जिरं हुंगलं, नाही. बडीशेप, नाही. शहाजिरं दोनदा हुंगलं. मग म्हणाली, अगदी तेच नाही, पण जवळचं आहे. तिची आई या उन्हाळ्यात गेली. यंदा घरी जाणार नाही म्हणते. कोणाकडे जाऊ?

९ डिसें., शनिवार
दिवसभर बिस्किटं. लोणी, साखर, मैदा, ओट्स, शहाजिरं. वरून मिकानची, म्हणजे इथल्या संत्र्याची, साल किसून घातली, ती माझी भर. फेसणं अगदी नानकटाईसारखं. पहिला घाणा खालून करपला. दुसरा जमला. नोराने एक तोंडात टाकलं आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली, बराच वेळ. मी भांडी घासत राहिले. आत आल्यावर म्हणाली, आईची जास्त कडक असायची. आणि परत दोन खाल्ली.

मुक्ताबद्दल तिने विचारलं. सांगितलं सगळं. फोनवर येत नाही, हे इथे पहिल्यांदाच कोणाला तरी बोलले.

१० डिसें.
मुक्तासाठी वेगळी केली, लहान, दोन बोटांत मावतील अशी. मि.च्या ऑफिसातले कुलकर्णी शनिवारी पुण्याला चाललेत, ते नेतील. सोबत चिठ्ठी लिहायला बसले. तीन फाडल्या. शेवटी नुसतं ‘आईने केली’ एवढंच.

१४ डिसें.
काँट्रॅक्ट आणखी वर्षभर वाढलं. मि. खूश. मी म्हटलं, मग तिला आणू या. तो म्हणाला, इथे शाळा, भाषा, सगळं नव्याने, बघू. मी म्हटलं, दोन वर्षं बघतोच आहोत. जेवण तसंच राहिलं. झोपताना म्हणाला, ऑफिसात व्हिसाचं विचारतो.

१६ डिसें.
डबा गेला. कुलकर्णींना तीनदा सांगितलं, हातातल्या बॅगेत ठेवा. ते हसले.

२४ डिसें., रविवार
फोन मुक्तानेच उचलला. माझं नुसतं ‘हॅलो’ झालं. तिने आत हाक मारली, “आई, फोन!” आणि लगेच, “काकू, काकू.” चुकून आलं असेल तोंडात. रोजचं असेल.

मी विचारलं, बिस्किटं मिळाली? हो. आवडली? हो, पण त्यात जिरं का घातलंस? मी हसले, तीही हसली. किती महिन्यांनी ऐकलं ते हसू. आवाज बदललाय, जरा घोगरा. सर्दी असेल. मला कोणी सांगितलं नाही.

मि. शेजारी येऊन बसला होता. त्याने मान हलवली, विचार म्हणून.

“मुक्ता, आमच्याकडे राहायला येशील? इथेच शाळा.”

तिने विचारलं,

“काकू पण येणार?”

मी म्हटलं, विचारते काकूला. तर तिने लगेच फोनच त्यांच्या हातात दिला. वहिनी नेहमीसारख्या म्हणाल्या, “हां, बोल गं, काय विचारायचंय?”