गुरुवारच्या विमानाचा निरोप

सान्ता रुफिना,
बुधवार, १३ सप्टेंबर २०००

ती. एनितताईस,
धाकट्या सर्व्हियोचा नमस्कार. वि. वि.

माझं सगळं फिरलं ते जुलैतल्या पहिल्या गुरुवारी, तुमच्या माद्रिदचं विमान आपल्या दरीतून पहिल्यांदा उडालं त्या सकाळी. सगळं गाव वर बघत होतं, मी एकटा खाली बघत होतो. यादिरा काउंटर सोडून धावपट्टीच्या कडेला आली होती आणि विमान कंपनीने इथे आणून बसवलेला तो स्पॅनिश साहेब, बेल्त्रान, तिला हातातला थर्मामीटर दाखवून काहीतरी समजावत होता. ती हसली. ताई, या मुलीसाठी मी लोहा शहरातलं कायद्याचं कॉलेज अर्ध्यात टाकलं, तिच्या विमानतळावर पेट्या उचलायला लागलो, आणि इतक्या दिवसांत मला असं हसू मिळालं नाही. ते थर्मामीटरला मिळालं.

तेव्हापासून रोज तेच. तो टेबलाशी बसून वजनांचे हिशेब करतो आणि ही शेजारी खुर्ची ओढून बसते. संध्याकाळी तो तिला जीपमधून घरी सोडतो. मी विचारलं तर म्हणते की पाऊस होता. आपल्याकडे कोरड्या ऑगस्टात पाऊस कधी पडतो, ते मला तिने सांगावं.

आता विमानाचं. नगराध्यक्ष पोलिविओ छाती काढून फिरतात. विमानतळावर माणूस मावत नाही, मक्याचे गरम तमाल विकणाऱ्या बायकांना दुपारपर्यंत बसावं लागत नाही, म्हणजे मार्ग जोरात चाललाय असं त्यांचं म्हणणं. खरं बघशील तर एक जण माद्रिदला जातो आणि त्याला निरोप द्यायला ट्रक भरून माणसं येतात. तू गेलीस तेव्हा राजधानीच्या, क्वितोच्या बसपाशी काय झालं होतं ते आठव. आई, मामा, दोन्ही आत्या, बाप्तिस्म्याच्या वेळची मानलेली आई, सगळ्यांपुढे तू आशीर्वादासाठी गुडघे टेकलेस आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. तेच आता विमानाच्या दारात चालतं. सोइला आत्या एकदा डोक्यावर हात ठेवून सुरू झाली की पणजोबांपासूनचे सगळे मेलेले येऊन आशीर्वाद देऊन जातात.

बेल्त्रान यावरून कपाळाला हात लावतो. त्याचं म्हणणं, आपली दरी उंच, शिवाय गरम. ऊन चढलं की हवा पातळ होते, मग माद्रिदपर्यंतचं इंधन भरलेलं विमान सगळ्या माणसांसकट आपल्या धावपट्टीवरून उठत नाही. सातला सुटलं तर सगळे जातात. नऊ वाजले की काही जणांना उतरवावं लागतं, त्यांना कंपनीच्या खर्चाने क्वितोवरून पाठवावं लागतं. असं दर गुरुवारी होतं. हे असंच चाललं तर मार्ग टिकायचा नाही, असं तो म्हणतो. मी मनात म्हणतो, देव करो आणि न टिको. तो जाईल, त्याची जीप जाईल, खुर्ची रिकामी होईल.

आईने चीज आणि गूळ-शेंगदाण्याच्या वड्या पाठवल्यात. गालो दाजींना एकट्याने खाऊ देऊ नकोस.

माझ्यावरचा लोभ इतरांना कमी करून मला जास्त द्यावास, अशी मागणी करणारा,
सर्व्हियो


माद्रिद,
मंगळवार, १९ सप्टेंबर २०००

चि. सर्व्हियोस,
ताईचे पुष्कळ आशीर्वाद. इथे आम्ही बरे आहोत, तुम्ही बरे असाल अशी आशा.

तुझं पत्र गालोंना वाचून दाखवलं. ते इतके हसले की शेजारीण भिंतीवर ठोकायला लागली. त्यांनी विचारलंय की थर्मामीटरवर जळणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता, तर तुझा फोटो मिळेल का.

गंमत पुरे. एक बातमी सांगायची आहे, आईला तूच सांग, पण आधी तिला खुर्चीवर बसव. नोव्हेंबरच्या शेवटी मला बाळ होणार आहे. सर्व्हियो, मला आई हवी. इथे डॉक्टर चांगले, सगळं पांढरं स्वच्छ, पण बाळंतिणीला चाळीस दिवस गावठी कोंबडीचं सूप करून घालणारं, तिचं डोकं बांधणारं, बाळाला पोटावर घट्ट गुंडाळणारं कोणी नाही. नर्सला मी हे सांगितलं तर ती म्हणाली की दुसऱ्या दिवशी आंघोळ करून घरी जा. गालो दिवसभर बांधकामावर. मला रात्री भीती वाटते, हे फक्त तुला लिहिते.

आई एकच विमान असेल तरच येऊ शकेल. क्वितोला बदलायचं म्हटलं तर तिचं काय होईल, ते कुएन्काच्या बसस्टँडवर आपण पाहिलंय. चुकीच्या बसमध्ये बसून जपमाळ ओढत माचालापर्यंत गेली होती, कारण शेजारचा माणूस सभ्य वाटला. म्हणून तुझ्या त्या गुरुवारच्या विमानाचं वाईट चिंतू नकोस. निदान नोव्हेंबरपर्यंत तरी.

आणि यादिराला सरळ विचार ना, तिच्या मनात काय आहे ते. पेट्या आपटून पोरी कळत नाहीत.

तुझ्या रागापेक्षा माझी माया मोठी आहे, हे ध्यानात ठेवून लिहीत जा.
तुझी ताई, एनित


सान्ता रुफिना,
बुधवार, ११ ऑक्टोबर २०००

ती. एनितताईस,
सर्व्हियोचा नमस्कार. आणि यावेळी जरा ताठ मानेने, कारण तुझा भाऊ गावात मोठा माणूस झालाय.

आईला बातमी सांगितली. ती रडली, हसली, आणि लगेच कोंबडी जिवंत नेता येईल का ते विचारायला लागली. मी नाही म्हटलं. ती म्हणते की हे विमानवाल्यांना विचारून ठरवू.

आता ऐक. एक तारखेच्या रविवारी चर्चनंतर नगरपालिकेत सभा झाली. बेल्त्रानने उभं राहून सांगितलं की निरोपाचे आशीर्वाद घरी किंवा आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये उरकावेत, विमानतळावर फक्त प्रवासी यावा. उरकावेत, असं म्हणाला. पोलिविओ टोपी फिरवत बसले. आणि यादिरा त्याच्या शेजारी उभी राहून मान डोलवत होती. ती मान डोलवताना पाहिली आणि मी जागेवरून उठलो.

मी बाकावर चढलो. म्हटलं की ज्यांचे पूर्वज आमचं सोनं न विचारता घेऊन गेले, त्यांनी आता आमच्या आयांनी आशीर्वाद किती वेळात द्यावेत ते शिकवू नये. म्हटलं की विमान थांबत नसेल तर विमानाने जावं, आई थांबेल. तिसऱ्या वर्षापर्यंत शिकलेला कायदा फुकट गेला नाही बघ. बायका रडल्या. सोइला आत्याने काठी आपटली. मला खांद्यावर घेऊन चौकात फिरवलं, कुणीतरी गिटार आणली. दुसऱ्याच गुरुवारी निरोपाला दुप्पट माणसं आली, जणू व्रतच. विमान साडेनऊला सुटलं, एका अख्ख्या कुटुंबाला उतरवून.

बेल्त्रानचा चेहरा बघायला तू हवी होतीस. फक्त यादिरा माझ्याशी बोलत नाही. सामानाच्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवून निघून जाते. बोलेल, राग उतरला की.

आईच्या प्रवासाची काळजी करू नकोस, मी आहे.

विजयी भावावर थोडा अभिमान आणि नेहमीचा लोभ असू द्यावा,
सर्व्हियो


माद्रिद,
मंगळवार, २४ ऑक्टोबर २०००

चि. सर्व्हियोस,
आशीर्वाद आहेतच, ते काही मागे घेता येत नाहीत.

शनिवारी दार वाजलं. उघडलं तर आईचं चीज हातात धरून एक उंच माणूस उभा. त्याने नाव सांगितलं आणि मला आधी हसूच आलं, कारण तुझ्या पत्रांवरून मला शिंगंबिंगं असतील असं वाटलं होतं. बेल्त्रान कंपनीच्या बैठकीसाठी आला होता. मी त्याला ओर्चाता करून दिला. आपला तो लाल काढा त्याने दोनदा मागून प्यायला. तुझ्याबद्दल एक वाईट शब्द काढला नाही. उलट म्हणाला की दरीत विमानाच्या पोटात सामान इतकं घट्ट आणि बरोबर बसवणारा दुसरा कोणी नाही, फक्त तो पेटी ठेवताना कुणावर रागावलेला असतो ते कळत नाही. मी मान खाली घालून साखर ढवळत बसले.

मग त्याने सांगितलं ते तुला जसंच्या तसं सांगते. कंपनी हा मार्ग बंद करणार होती. त्याने हातापाया पडून एक गुरुवार मागून घेतलाय, १६ नोव्हेंबरचा. त्या दिवशी विमान सातला, कुणालाही न उतरवता सुटलं, तर पुढच्या वर्षीही चालेल. नाही सुटलं, तर तेच शेवटचं. आणि चाललं तर मार्चमध्ये तो स्वतः परत माद्रिदला येणार आणि त्याच्या जागी सान्ता रुफिनाची साहेब म्हणून यादिरा बसणार. त्यासाठी ती सगळं शिकतेय. मार्ग बंद झाला तर तिचा काउंटरही बंद, मग ती ग्वायाकिलला मावशीकडे जाणार. तिने त्याला सांगितलं म्हणे की तिला दरी सोडायची नाही, आणि दरीत राहायला तिला दुसरं निमित्त नाही.

म्हणजे बाकावर चढून तू कुणाला हाकलायला निघाला होतास आणि कोण चाललंय, ते बघ.

त्याच १६ तारखेचं आईचं तिकीट गालोंनी काढलंय. डॉक्टरांनी तारीख जवळ आणली आहे, त्यानंतरचा गुरुवार मला परवडायचा नाही. आईचं तिकीट सगळ्यात स्वस्तातलं आहे. माणसं उतरवायची वेळ आली तर पहिल्यांदा तीच उतरेल. ती उतरली तर मी इथे एकटी.

चौकातल्या टाळ्या तुला लखलाभ. मला आई पाठव.

रागावलेली, पण तुझीच,
एनित


सान्ता रुफिना,
गुरुवार, १६ नोव्हेंबर २०००, पहाटे

ती. एनितताईस,
सर्व्हियोचा नमस्कार, यावेळी खरोखर गुडघ्यावर. हे पत्र आईच्या पिशवीत कपड्यांखाली ठेवतोय. ते तुझ्या हातात पडलं तर समज की सगळं नीट झालं.

तुझं पत्र मिळालं आणि मी तडक यादिराच्या घरी गेलो. माफी मागायला नाही, भांडायला. हे आधी मला का सांगितलं नाहीस, असं विचारायला. ती अंगणात कॉफीच्या बिया चाळत होती. चाळणी थांबवलीच नाही. म्हणाली की मी दोन वर्षं तिच्याकडे बघतोय, पण ती कशाकडे बघतेय ते मी एकदा तरी विचारलं का. थर्मामीटरमध्ये काय दिसतं ते विचारलं असतं तर तिने मलाही शिकवलं असतं. मग म्हणाली की बाई आपल्याजवळ राहावी म्हणून विमानतळ बंद पाडणारा पुरुष तिने ऐकला नव्हता, आता तेवढी आठवण ती ग्वायाकिलला घेऊन जाईल.

त्यानंतर मी घरोघरी फिरलो. ज्या तोंडाने भाषण ठोकलं त्याच तोंडाने सांगितलं की आशीर्वाद घरी द्या. कुणी हसलं, कुणी दार उघडलं नाही. न्हाव्याने विचारलं की स्पॅनिश साहेबाने किती दिले. पोलिविओ म्हणाले की गर्दी नसेल तर विमानतळ चांगला चाललाय हे लोकांना कळणार कसं. आणि सगळ्यांचं एकच उत्तर, सोइला आत्या जिथे जाईल तिथे आम्ही.

शेवटी आत्याकडे गेलो आणि खरं ते सांगितलं. यादिरा, जीप, खुर्ची, सगळं. तिने काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली की तिचा नवरा खेचरं घेऊन किनाऱ्याकडे जायचा तेव्हा निरोप घरातच व्हायचा. सगळ्यांचे हात डोक्यावरून फिरले की प्रवासी उठायचा आणि शेवटी बाहेर पडणारा दार ओढून घ्यायचा. आतलं कुणी उंबरा ओलांडायचं नाही, कारण मागे गेलेलं माणूस जाणाऱ्याला मागे ओढतं. गाड्या आल्या तेव्हापासून लोक मागे धावायला लागले, हे तिला कधीच आवडलं नव्हतं. मला विचारलं की सभेत तिला कुणी विचारलं होतं का. मी म्हटलं, तू काठी आपटलीस. ती म्हणाली, पाय आखडला होता.

काल संध्याकाळी तिने घरोघरी सांगावा पाठवला की निरोप घरातच द्यायचा, आणि आज प्रत्येक प्रवाशाच्या घरात दिवा आहे. इथे मला खिडकीतून दिसतायत. आईपुढे तर अर्धी दरी येऊन गेली, सगळ्यांची मानलेली आई ती. आता फक्त घरचे उरलेत. आत्याचं मेलेल्यांपर्यंत पोचलंय, म्हणजे संपत आलं. कोंबडीचं प्रकरण मिटलं. ती उकडून, वाळवून, मीठ लावून पिशवीत गेलीय. तुझ्या सुपाला चालेल म्हणे.

ताई, आता एक सांगतो आणि मग उठतो. आईच्या शेजारच्या जागेवर बेल्त्रान बसणार आहे. विमान वेळेवर गेलं तर तो कंपनीपुढे उभा राहून आपली बाजू मांडणार, जिंकणार आणि परत येणार. मार्चपर्यंत पुन्हा ती दोन खुर्च्यांची बैठक, पुन्हा पावसाशिवायची जीप. ज्याला गावाबाहेर घालवायला निघालो होतो, त्याच्या परतीची सोय मी चपला झिजवून केली. माझा जळफळाट गेलाय असं समजू नकोस. तो जागच्या जागी आहे, काल रात्री त्याने मला झोपूही दिलं नाही. मी आईला बजावलंय की विमानात अकरा तास आहेत, तेवढ्यात त्याचं लग्न झालंय का ते काढून घे. तू तिच्याकडून काढून घे आणि मला कळव. आणि खरं काय ते कळव, मला बरं वाटावं म्हणून नको.

काल यादिराने सामानाच्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या नाहीत, हातात दिल्या. बाकी काही म्हणाली नाही. यातून काहीही निघत नाही, हे मला कळतं.

बाळाला माझ्या नावाने हाक मारू नकोस, डोकं तापट होईल.

लोभ होता तसाच ठेव म्हणायला तोंड नाही. आई पोचली तर थोडा परत दे, इतकंच मागणारा,
सर्व्हियो

ता. क. आत्या थांबली. आई उठून अंगणात गेलीय, मागे न बघता, शिकवल्याप्रमाणे. आतले सगळे जागच्या जागी बसलेत, मामांनी उठू नये म्हणून मामीने त्यांचा सदरा धरून ठेवलाय. दरीत अजून गार आहे. पिशवी माझ्या हातात आहे, त्यात हे पत्र टाकतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.