वरच्या थरातला नमुना

बाबा,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. मारेगावच्या जिनिंगमध्ये तुम्ही फिटर होतात, आणि आता तुमची लेक त्याच कापसाची परीक्षा करते. हल्ली गाठ दाबण्याआधी रुईवर कृत्रिम डीएनए फवारतात, डोळ्यांना न दिसणारी खूण. वाटेत कुणी माल बदलला का, ते आम्ही प्रयोगशाळेत त्या खुणेवरून सांगतो. तुम्ही हसला असतात. तुम्हाला रुई चिमटीत धरली की पुरे व्हायचं.

मला स्वयंपाकघरातली ती सकाळ आठवते. काडी पेटेना म्हणून मी दुकानदाराला भर चौकात लबाड म्हणून आले होते. मी काडेपेटी ठेवली होती ती माठामागची ओली जागा तुम्ही बोटाने दाखवलीत आणि म्हणालात, "वस्तू कुठं ठेवली होती थे आधी इचार, मंग मानसाले नावं ठेव. जाय, माफी माग त्याले." मी रडत गेले. त्याने उलट खायला गोळी दिली, तरी मला राग तुमचाच आला.

एवढं शिकवलंत, पण मी शेण खाल्लंच. मागच्या उन्हाळ्यात मुकुटबनच्या एका गोदामातल्या गाठींचे नमुने आले. खूण सापडली नाही. 'माल बदललेला' असा अहवाल मी दिला आणि गोदाम सांभाळणाऱ्याची नोकरी गेली. त्याचा फोन आला. "मॅडम, गाठी दोन महिने उघड्यावरच होत्या जी. शेडमधे जागाच नोती. म्या कायले बदलू?" मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. पण चैन पडेना. स्वतः जाऊन एक गाठ चिरली, आतली रुई तपासली. आत खूण शाबूत होती. उन्हाने आणि अवकाळीच्या ओलाव्याने फक्त वरच्या थरातली तुटून गेली होती, आणि आमच्या लोकांनी आत हात घालायचा कंटाळा करून नमुना वरचाच घेतला होता. ऊन डीएनए तोडतं, हे मी नव्या मुलींना शिकवते, बाबा! साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "जाऊ द्या, प्रकरण मिटलंय." त्याच महिन्यात माझी बढती होती. मीही जाऊ दिलं. फार लाज वाटते.

तो आता मजुरीला जातो म्हणे. हे पत्र खरं तर त्याला लिहायचं. पत्ताही आहे माझ्याकडे. पण तो उत्तर देईल. तुम्ही देणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.