उजव्या पायाचा खुलासा

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (सगळा भार डाव्या पायावर देऊन केला आहे, तेव्हा थोडा कलता वाटला तर गैरसमज नसावा.) तुझा गुडघा, दाजींचा खोकला आणि तुम्हा दोघांचं आपसांतलं भांडण हे तिन्ही पूर्वीसारखंच चालू असेल, अशी आशा करतो. त्यातलं एखादं थांबलं असेल तर मात्र ताबडतोब कळव, काळजी वाटते.

मावशीचा फोन तुला आलाच असेल. मावशी बातमी पोटात ठेवते ती फक्त श्वास घेण्यापुरती. मी दवाखान्याच्या बाकावर अर्ध्या चड्डीत बसलो होतो आणि माझा उजवा पाय कमरेपासून बोटांपर्यंत लाल-पिवळ्या रेघांनी गोंदवलेला होता, असं तिनं सांगितलं असेल. त्यावर 'ह्या वयात?' असंही विचारलं असेल. ताई, गोंदवलेला नव्हता, रंगवलेला होता. बाकी सगळं खरं आहे. खुलासा करतो, पण जरा लांबून येतो, कारण जवळून येण्यासारखी माझ्या पायाची परिस्थिती सध्या नाही.

तर दोन महिन्यांपूर्वी माझ्या चपला हरवायला लागल्या. चपला म्हणणंही चूक आहे. हरवायची ती उजवीच. जिन्यात, रिक्षात, एकदा तर भाषण करायला व्यासपीठावर चढताना दुसऱ्या पायरीवर राहिली आणि मी एका चपलेनं 'शिस्तीचं महत्त्व' ह्या विषयावर चाळीस मिनिटं बोललो. (श्रोत्यांना तो विनोद वाटला. टाळ्या पडल्या. मीही अर्थातच तो मुद्दाम केल्याचं दाखवलं.) मग अडखळणं सुरू झालं. सपाट फरशीवर, पायपुसण्यावर, स्वतःच्या सावलीवर. चालताना उजवं पाऊल 'थप्प' असं वाजायचं, कोणीतरी माझ्या प्रत्येक पावलाला थोबाडीत मारतंय तसं. आमच्या मुख्याध्यापिकांनी (म्हणजे तुझ्या भावजयीनं, शाळेतून घरी आल्यावरही ती निवृत्त होत नाही) निदान केलं : लक्ष नसतं. पंचवीस वर्षं माझ्या प्रत्येक दुखण्याचं हेच निदान आहे आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आजवर ते चुकलं नव्हतं.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाठीचा फोटो काढवला. त्यात एक मणका, माझ्या वयाला शोभेल इतपत, जागेवरून सरकलेला दिसला. पायाची तक्रार घेऊन गेलेला माणूस पाठीच्या ऑपरेशनची तारीख घेऊन बाहेर आला. हे तुला कळवलं नव्हतं, कबूल. कळवलं असतं तर तू पहिल्या गाडीनं आली असतीस आणि आधी मला, मग डॉक्टरांना आणि सरतेशेवटी त्या मणक्याला फैलावर घेतलं असतंस.

अशा अवस्थेत तुझी ठकी आमच्याकडे आली. अभ्यासाची सुट्टी आहे, मेडिकलच्या होस्टेलवर गडबड असते, एवढंच म्हणाली. बॅगेत दोन कपडे, चार जाड पुस्तकं आणि तुझ्या जुन्या निळ्या टॉवेलात गुंडाळलेला एक माणूस. म्हणजे कमरेखालचा. मांडीचं हाड तिनं आमच्या छत्र्यांच्या डब्यात उभं केलं, कारण तिथं ते मावतं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका घाईघाईत छत्री म्हणून तेच उचलून जिन्याखाली पोचल्या होत्या. (तरी लक्ष माझं नसतं.)

ठकीचा अडचणीचा विषय पाय. स्नायू कुठून निघतो, कुठं चिकटतो, कोणती नस त्याला हुकूम देते, हे चित्रात पाहिलं की तिला पाठ होतं आणि पुस्तक मिटलं की पुसतं. जिवंत पाय हवा, म्हणाली. मुख्याध्यापिका शाळेत होत्या. उरलो मी. आहाराच्या त्यांनी आखलेल्या एका कडक वेळापत्रकाखाली गेल्या सहा महिन्यांत माझं नऊ किलो वजन उतरवलेलं असल्यामुळे, 'मामा, तुझ्या पायावर सगळं कसं स्वच्छ दिसतं गं बाई' असं प्रशस्तिपत्र मिळालं. पुस्तकांना माझ्या कधी मिळालं नाही असं. माझ्याच वस्तऱ्यानं माझा पाय गुळगुळीत झाला, आणि स्नायू लाल, नसा पिवळ्या, असं काम सुरू झालं. ('नस नाही रे, मज्जातंतू.' पण एवढ्या लांब शब्दाला माझ्या पायावर जागा नव्हती.)

ताई, आपण स्वतःचे पाय आयुष्यभर वापरतो आणि आत कोण कोण काम करतं ह्याची चौकशीसुद्धा करत नाही. कमरेपासून गुडघ्याच्या आतल्या बाजूपर्यंत तिरका जाणारा एक लांबलचक स्नायू आहे, त्याला म्हणे शिंप्याचा स्नायू म्हणतात, कारण मांडी घालून बसायला तो लागतो. बैठकीचा जो सर्वांत मोठा स्नायू, ज्याच्या जोरावर मी आजवरचं सगळं साहित्य निर्माण केलं, त्याला मात्र कोणी लेखकाचं नाव दिलेलं नाही. मांडीच्या मागून अंगठ्याएवढी जाड नस उतरते, शरीरातली सर्वांत जाड. गुडघ्याच्या जरा वर तिच्या वाटण्या होतात. एक मुकाट्यानं पोटरीतून तळव्याकडे जाते. दुसरी बाहेरच्या अंगाला वळते, गुडघ्याखाली जे बारीक हाडाचं बोंड हाताला लागतं त्याला वळसा घालते आणि पंजा वर उचलण्याचं काम बघते. बोंडापाशी ती अगदी कातडीलगत असते. इतकी महत्त्वाची गोष्ट इतकी उघड्यावर ठेवणारा कारागीर आपल्याच घराण्यातला असावा.

एक स्नायू तिनं काढला नाही. पुस्तकातल्या चित्रात गुडघ्यामागे इवलंसं पोट आणि खाली टाचेपर्यंत दोऱ्यासारखी लांब शेपटी असलेला कोणीतरी दिसत होता. हा कोण, विचारलं. 'प्लँटारिस. काहीजणांना नसतोच,' म्हणाली आणि पान उलटलं. मला वाटलं, मला नसेल.

मग परीक्षा. 'मामा, पंजा वर घे.' घेतला. 'घे ना.' 'घेतला की!' 'मामा, प्लीज. मला खरंच वेळ नाहीये चेष्टेला.' ताई, जन्मभर चेष्टा करणाऱ्या माणसाचा हा शेवट असतो. मी मनापासून पंजा उचलत होतो आणि माझी सख्खी भाची डोळ्यांत पाणी आणून मला 'तू नेहमी असंच करतोस' म्हणत होती. शेवटी मी खाली पाहिलं. डावा पंजा छताकडे बघत होता. उजवा, लाल-पिवळ्या झगमगाटात, फरशीवर निपचित पडला होता.

तिनं कापसाचा बोळा घेतला. डोळे मिट म्हणाली, कापूस लागला की सांग. मी मिटले. बराच वेळ वाट पाहिली आणि म्हणालो, 'कर ना सुरू.' ती म्हणाली, 'केव्हाची करतेय.'

मग म्हणाली, पाऊल आतल्या बाजूला वळव. ते छान वळलं. ती इतक्या झटक्यात उठली की मांडीवरची हाडं खडखडत खाली पडली. आत वळवणाऱ्याला हुकूम येतो तो पोटरीतल्या मुकाट नसेकडून, पण दोघींचं मूळ पाठीत एकच. दोष पाठीचा असता तर दोन्ही कामं अडली असती. सगळ्या इमारतीची वीज गेली तर शेजारीही अंधार हवा; शेजारी दिवा जळतोय, म्हणजे बिघाड आपल्या दारातला. ठकीनं त्या बोंडावर बोट ठेवलं. 'मामा, लिहायला कसा बसतोस?' मी बसून दाखवलं. उजवा पाय डाव्या गुडघ्यावर, बोंड बरोबर गुडघ्याच्या टोकावर. रोज चार तास, पाच महिने, कादंबरी संपेपर्यंत. गादीसारखी जी चरबी तिथं होती ती मुख्याध्यापिकांनी नेलेली. म्हणजे नस चेपली ती आम्ही दोघांनी मिळून. संसारात इतकं एकदिलानं दुसरं काही केल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी ठकीनं मला नसांच्या डॉक्टरांकडे ओढलं. तोवर कळलं होतं की रंगाचे पेन मुख्याध्यापिकांच्या कपाटातले, खेळाच्या बनियनांवर नंबर घालायचे, दहा धुण्यांत न जाणारे. (मावशी तिथंच भेटली.) डॉक्टर म्हणजे एक वयस्कर, करड्या बाई. मला तपासण्याआधी त्यांनी चष्मा पुसला आणि माझा पाय वरपासून खालपर्यंत वाचला. 'ह्यांचं नंतर बघू. हे काढलं कोणी?' ठकी माझ्या मागे सरकली. बाईंनी तिच्या हातातला लाल पेन घेतला आणि माझ्या गुडघ्यामागे इवलंसं पोट आणि लांब शेपटी काढली. 'हा राहिला. माझ्या तोंडी परीक्षेत ह्याच्या शेपटीला मी नस म्हटलं होतं. सरांनी बाहेर काढलं मला. दर वर्षी कोणीतरी म्हणतंच.' एवढं बोलून त्यांनी माझ्या पायाला विजेचे झटके द्यायला घेतले. निकाल : पाठ निर्दोष, नस बोंडापाशी चेपलेली पण शाबूत. ऑपरेशन नाही. पायाला पट्टा, तीन-चार महिने धीर आणि दोन्ही पाय कायम जमिनीवर. शेवटची अट माझ्या लेखनाला किती मानवेल ते बघायचं.

बाहेर येऊन ठकी बाकावर बसली आणि रडत-रडत इतकी हसली की मावशीला काय सांगायचं तेच समजेना.

तेव्हा काळजी नसावी. पाऊल अजून थप्प वाजतं, पण परवा करंगळी हलली. मुख्याध्यापिकांनी तिला प्रगतिपुस्तकात पाच गुण दिले.

दाजींना नमस्कार. ते पेपर वाचताना पायावर पाय टाकतात, तो खाली ओढ. निमित्त मिळालंय, सोडू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे सांगायची परवानगी आजच मिळाली. ठकी अभ्यासाच्या सुट्टीवर आलेली नव्हती. पायाच्या तोंडी परीक्षेत ती नापास झाली होती. त्याच शेपटीला नस म्हणाली, कोणीतरी हसलं, आणि पुढे तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. परत परीक्षा गुरुवारी आहे. तोवर रोज सकाळी 'होशील ना गं पास?' असा फोन करू नकोस. गुरुवारी संध्याकाळी मात्र ये. निकाल काही लागो, तिला तू हवी आहेस. (हे तिनं म्हटलेलं नाही. पंजा उचलल्यासारखं वाटतं आणि उचललेला नसतो, तसलाच प्रकार आहे.)

ता. क. २ : आल्या दिवशीच तिनं तुझ्या नावचं एक पाकीट माझ्याकडे टपालात टाकायला दिलं होतं. पेटी जिन्याखाली, तीन मजले. ह्या पायानं कोण उतरतंय, उद्या टाकू, परवा टाकू, असं करत ते माझ्या खणातच राहिलं. दवाखान्यातून आल्यावर तिनं ते परत मागितलं आणि फोडलं. आतल्या चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर तिनं ती नस काढली आहे, मांडीपासून बोटांपर्यंत, शेपटीवाल्यासकट, आणि आमच्या बेसिनवरच्या आरशाशेजारी चिकटवली आहे. रोज दात घासताना सगळी नावं म्हणते. तुला प्रत्येक कागद उलटून पाहायची लहानपणापासूनची सवय आहे, ताई. ह्याची दुसरी बाजू, नापास झाल्यावर तुला लिहिलेली, भिंतीकडे आहे. ती तशीच राहू दे.