दादाला कुंड्या का आवडायला लागल्या

वहिनी,

तुमचा फोन फ्रिजवरच वाजतोय, म्हणून चिठ्ठी. आधी बसा. सकाळी मी छाती धरून सोफ्यावर कोसळलो ना, ते नाटक होतं. मी ठणठणीत आहे.

दादा हल्ली जिन्यात मधेच थांबून शेजाऱ्यांच्या कुंड्यांचं कौतुक करायचा. दादा आणि झाडं! संध्याकाळी पाय सुजलेले, झोपताना उशीवर उशी. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर यायचा. म्हणून मीच पेशंट झालो. तो घाबरून मला घेऊन गेला आणि तिथे मी म्हटलं, "डॉक्टर, मला सोडा, याला तपासा!"

दादाने तिथेच शिव्या घातल्या, पण दर दोन शिव्यांना थांबून दम खात. डॉक्टरांनी ते बरोबर हेरलं. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप नीट उघडत नाही. "वेळेवर आणलंत, ऑपरेशनने बरे होतील," म्हणाले. जिंकलो, वहिनी!

त्याला आजच ठेवून घेतलंय. सैल चपला आणि उशा मी नेतोय, तुम्ही चष्मा आणा.

तो अजून माझ्याशी बोलत नाही. नवी झडप बसली की एका दमात शिव्या देईल. मी समोर खुर्ची टाकून ऐकणार आहे.

तुमचा नाटकी दीर